खुडूक कोंबडी

सुरतेत उधन्याला रॉकेलच्या रांगेत माझ्या मागे एक नवरा-बायको उभे होते. बाईने पदराखाली अंड्यांची टोपली पोटाशी धरली होती.

"अंडी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीला पाण्यात बुचकळायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"आई तसंच करायची. खुडूक उतरली की कोंबडी परत अंडी घालते."

"तिच्याखाली अंडी नसतील तेव्हा करायच्या सासूबाई! वीस दिवस झाले मी हिला बसवून."

"मला काय ठाऊक? मी कारखान्यात असतो."

"जेवायला तर घरी असता ना? आता ती अंड्यांकडे बघत पण नाही."

"कंदिलाजवळ ठेवली होती ना मी?"

"आणि रॉकेल संपलं ते? हात लावून बघा, गार पडायला लागली."

"हळू बोल, सुंदरा. लोक ऐकतात."

"ऐकू दे! आतून पिल्लू टोचतंय, ते तुम्ही ऐका."

नवऱ्याने टोपलीला कान लावला.

"दे इकडे. सदऱ्यात धरतो."

"आता धरताय!"

मी बाजूला झालो. "पुढे व्हा तुम्ही."

"काका, तुमच्या घरी वाट बघत असतील," बाई म्हणाली.

"घरी कोणी नाही आता."

बाई माझ्या पुढे सरकली आणि नवऱ्यावर ओरडली, "उभे काय राहिलात? डबा पुढे करा!"