चेअरमनच्या घरची बिनदुधाची कॉफी

…आन वर तो डॉक्टर मला म्हनतो, "काका, आजपासून दूध बंद." आता तुमीच सांगा, हे कुनाला म्हनावं? मी हंबीरराव, पाटणच्या खालच्या अंगाला आमचं गाव, गावच्या दूध डेअरीचा मी चेअरमन, दारात सात म्हशी, फौजेतनं हवालदार म्हनून घरी आलो त्याला अकरा वर्सं झाली, तवापास्नं एकच धोशा लावलाय, पोरास्नी दूध पाजा, म्हाताऱ्यास्नी दूध पाजा, डेअरीच्या भितीवर माझाच फोटू हाय, हातात ग्लास धरल्याला, आन त्या फोटूतला मानूस कराडच्या दवाखान्यात पोट धरून बसलाय. दोन वर्सं पोटाचा नुसता ढोल झालता. च्या घेतला की गुडगुड, दूधभात खाल्ला की गुडगुड, डेअरीच्या मिटिंगीत मी विषय वाचायला उठलो की माझ्या आधी पोटच बोलायचं. डॉक्टर म्हनला, "दुधातली साखर तुम्हाला आता पचत नाही. वयानं होतं असं. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही."

त्याला काय जातंय म्हनायला.

शेजारी आमची मंडळी बसल्याली. साळूबाई. तुमाला सांगतो, बत्तीस वर्सं त्या बाईनं म्हशीच्या धारा काढल्यात, मी जम्मूला असू दे न्हाईतर नागालँडला, हिकडं धार कवा चुकली न्हाई. सुट्टीवर आलो की पितळंचा गलास भरून फेसाचं दूध पुढं करायची, आन मी पिऊन होस्तोवर उभी ऱ्हायची. आता तो डॉक्टर तिच्यासमोर सांगतोय की तुमच्या हातचं दूध ह्यास्नी इख हाय. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. साळूबाई काय बोलली न्हाई. पदर सारखा केला आन औषधाची चिठ्ठी घेतली.

येताना यष्टीत मी तिला म्हनलो, "हे बघ, गावात कुनाला कळता कामा न्हाई. दोन म्हैन्यांवर डेअरीची निवडनूक आली. दूध न पचनारा चेअरमन म्हनल्यावर म्हशीसुद्धा हासतील." साळूबाई काय बोलली न्हाई. खिडकीतनं ऊस बघत बसली.

दूध सुटलं त्याचं एवढं न्हाई हो. कॉफी सुटली. फौजेत भरती झालो तवा ट्रेनिंग बेळगावला, तितल्या कँटीनला ऐतवारी थंड कॉफी मिळायची, उंच गलासात, वर बरफ, गोड अशी की पहिल्या घोटाला मरगळ पळायची, परेडीत उस्तादानं घातलेल्या सगळ्या शिव्या खाली उतरायच्या. रिटायर झालो तरी उन्हाळ्यात दुपारी तीनला माझी थंड कॉफी ठरल्याली. आता तीन वाजलं की मी अंगनात बसायचो, आन गोठ्याकडं बघायचो. सात म्हशी माझ्याकडं बघायच्या. कोन कुनाला काय बोलनार? जेवन जाईना, झोप लागंना, पंधरा दिसात कंबरंचा पट्टा दोन भोकं आत गेला. खरं सांगू का, मला वाटलं आपलं संपलं आता. एक एक करून सगळंच बंद हुईल, आन एक दिवस डॉक्टर म्हनंल, काका, श्वास पन बेतानं घ्या.

पुन्याला आमची राजेश्वरी असती, लेक, तिचा फोन आला. "आबा, अहो आता झाडांचं दूध मिळतं. सोयाचं, बदामाचं, ओटचं. सगळे पितात इकडे." मी म्हनलो, "झाडाची धार कोन काढतं गं?" फोन ठिवून दिला. पर साळूबाई बाजूलाच भाजी निवडत होती. तिनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सोयाबीन भिजत घातलं. आवं, आमच्याच रानातलं सोयाबीन, जे आमी कवा तोंडात घातलं न्हवतं, ते मिक्सरात फिरवलं, गाळलं, आन गरम कॉफीत वतलं. लगेच फाटलं. वर चोथा, खाली पानी. मी म्हनलो, "हे काय, पनीर केलंस का?" तिनं उचलून म्हशीच्या आंबवनात वतलं. दोन दिसांनी ओट आनलं पाटणच्या दुकानातनं. ते उकळलं. त्याची झाली खळ, भिताडाला कागद चिकटवायची. मी म्हनलो, "सोड गं, माझ्या नशिबात न्हाई ते." न्हाई ऐकलं. तुमाला सांगतो, फौजेत मी मोठमोठी मानसं बघितली, डोंगर चढनारी, बरफात चौकी धरनारी, पर हार खाऊन गप पुन्ना पातेलं घासायला बसनारं मानूस मी ह्या एकाच बाईत बघितलं.

मग ती शेंगदान्यावर आली. रातभर भिजवलं. एकेक टरफल काढलं. चांगलं उकडून घेतलं, म्हंजे कच्चा वास जातो, हे तिचं तिनंच शोधलं बरं का, कुनी सांगितलं न्हाई. मग बारीक वाटून, पानी घालून, धोतराच्या फडक्यातनं गाळलं. पांढरंशुभ्र दूध. मी लांबनं बघितलं तर मला वाटलं म्हशीचंच हाय. कॉफी येगळी कडक करून गार केली, म्हंजे दूध फाटायचा सवालच न्हाई. पर गोडाची पंचाईत. गार कॉफीत साखर टाकली तर ती तळाला जाऊन बसती, वर कडू आन शेवटच्या घोटाला शिरा. तिनं काय केलं असंल? काकवी वतली. गुऱ्हाळातनं आनल्याली, फडताळात पडल्याली काकवी. अशी इरघळली म्हनता, जनू तिची नि कॉफीची जुनी सोयरीक हाय. आन बरफानं कॉफी पानचट हुती ना, तर ह्या बाईनं कॉफीचाच बरफ केला. चौथी शिकल्याली बाई. आता सांगा.

तीन वाजता माझ्यापुढं गलास आला. मी घोट घेतला. काकवीचा खमंगपना, कॉफीचा कडूपना, आन मागनं शेंगदान्याचा गुळगुळीत साईसारखा घोट. बेळगावचं कँटीन पाक फिकं पडलं. मी अर्धा गलास पेलो, आन पोटाकडं कान लावून बसलो. गप. अर्धा तास गप. मला हो रडू आलं. म्हनलं डोळ्यात माती गेली. साळूबाईला कळलं हुतं वारं न्हवतं ते.

आता हितपतूर सगळं झाक. पर निवडनुकीच्या आधी संचालकांची बैठक आमच्या घरी लागली. वैशाखाचं ऊन, नऊ मानसं घामाघूम हून आल्याली, त्यात तात्याबा, आमच्यातलं सगळ्यात जुनं संचालक, ऐंशीचं वय, पर कुनाची म्हैस किती लीटर देती हे त्यांना तोंडपाठ. मी आत च्या सांगितला. आन साळूबाईनं बाहेर काय आनलं? ट्रे भरून थंड कॉफी. मी डोळ्यानं खुनावलं, तिनं बघितलंच न्हाई.

सगळ्यांनी गलास तोंडाला लावला. मग तात्याबांनी मिशा पुसल्या. "हंबीरराव, काय दूध हाय हे! कुटल्या म्हशीचं?"

कोपऱ्यातलं हनमंतराव म्हनलं, "नवी मुर्रा म्हैस आनली असनार चेअरमननी. गपचिप आनली." दुसरा म्हनला, "फॅट नऊच्या वर आसंल." आन मी, तुमाला सांगतो, पाकिस्तानाम्होरं उभा ऱ्हायल्याला मानूस, मी मान हलवली. म्हनलो, "व्हय… तशीच हाय… जरा…" खोटं बोलायला पन सराव लागतो हो. तात्याबा म्हनलं, "दाव की गोठ्यात. कुटली ती?"

आन तवा साळूबाई बोलली.

दारात उभी हुती, ट्रे काखंत धरून. म्हनली, "आवं तात्याबा, ते म्हशीचं न्हाई. शेंगदान्याचं हाय. ह्यास्नी दूध पचत न्हाई. दोन वर्सं तरास हुता. डॉक्टरनं बंद केलंय."

मी खाली सतरंजीकडं बघत बसलो. मनात म्हनलो, गेली खुर्ची. गेली अब्रू. हे नऊ जन आता बाहेर पडले की सांजच्यापतूर वरच्या वाडीतल्या कुत्र्याला पन कळंल.

तात्याबांनी गलास खाली ठिवला. मला म्हनलं, "हंबीर, किती दिस झालं सोडून?"

"म्हैना हुतोय."

"मला सात वर्सं झाली," म्हनलं. "सुनंला सांगितलं न्हाई. गलास घेतो आन मागच्या दारी मांजराला पाजतो. मांजर लय माजलंय."

एकदम हनमंतराव खोकलं. म्हनलं, "मला सकाळी चालतं, पर सांजचं न्हाई." तुमाला सांगतो, नऊ संचालकांत चार जनांची पोटं दुधानं बिघडल्याली, आन चौघंबी वर्सान् वर्सं गपचिप. आमी सगळ्या तालुक्याला दूध पाजनारी मानसं. सगळी हासली, मी पन हासलो, दोन वर्सांत पयल्यांदा पोटाला हात न लावता हासलो. तात्याबांनी आनिक एक गलास मागितला. "काकवी जरा जास्त घाल, पोरी," म्हनलं.

उठताना मात्र ते उंबऱ्यात थांबलं, आन सगळ्यांम्होरं म्हनलं, "नवऱ्याची खुर्ची जानार हाय हे दिसत असून जी बाई खरं बोलली, ती काट्याजवळ बसल्यावर दुधात पानी घालायची कुनाची टाप हाय? औंदा हंबीररावाला विश्रांती द्या. साळूबाईचं नाव घाला."

मी साळूबाईकडं बघितलं. वाटलं, आता न्हाई म्हनंल. तिनं पदर सारखा केला आन म्हनली, "बत्तीस वर्सं दूध घालतीया, त्या डेअरीत काय चालतं ते कुनी सांगितलं न्हाई. बघते की."

निवडली गेली. बिनविरोध. सूचक म्हनून सही माझीच, आन खोटं कशाला बोलू, सही करताना छाती भरून आली. तिनं आल्या आल्या दोन मापं बदलली, माप मारनारा एक जन घरी बसवला, आन मापात मारत्यात ही डेअरीबद्दलची जुनी कुरबूर सहा म्हैन्यांत थांबली. जे मला अकरा वर्सांत जमलं न्हाई.

आता मिटिंगीला ती जाती. मी घरी टरफलं काढतो, वाटतो, गाळतो, हात चांगला बसलाय माझा. परवा सांजचं आली तवा मी सहज इचारलं, "आज मिटिंगीत काय ठरलं गं?"

तर म्हनती, "आवं, सभासदाला माहिती पायजे असंल तर लेखी अर्ज करावा, असा ठराव तुमीच केल्याला हाय."

काय करता. दिला अर्ज. क्रमानं बघू, म्हनली.