तंबूतली एक जागा

गोदूताई : ते तुझं काम राहू दे गं घटकाभर. जवळ ये, अशी सतरंजीवर बस, माझ्या मांडीला मांडी लावून. तुझी सासू भाजी घेऊन जिना चढेपर्यंत तुला एक आख्यान सांगते. गळा बुवांसारखा नाही माझा, पण कथा खरी आहे.

रेवा : मावशी, आईंनी मला पुढे पाठवलंय ते मी विषय काढावा म्हणूनच. ट्रेकचा.

गोदूताई : माझं आख्यानही ट्रेकचंच. ऐक. एका नगरीत एक भजनी मंडळ होतं.

रेवा : खांदा कॉलनीत.

गोदूताई : मध्ये बोलायचं नाही, नुसतं ‘हं’ म्हणायचं. तर त्या मंडळात पेटी वाजवणारी एक बाई होती. शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेली. नवरा गेला तशी ही दार लावून घरात बसली. मग एकदा कीर्तनात बुवांनी हिमालय असा काही उभा केला म्हणतेस! बर्फात पाय रोवत स्वर्गाच्या वाटेने निघालेली माणसं. सगळ्या डोळे पुसतायत, आणि हिच्या मनात काय आलं? आपणही जावं. परतीच्या तिकिटासकट.

रेवा : मावशी, तुम्ही पण ना!

गोदूताई : हं म्हण.

रेवा : हं.

गोदूताई : तिने मंडळातल्या बायका उठवल्या. पाठीवर सॅक, सॅकेत तांदूळ, आणि सकाळी सकाळी बिल्डिंगचे जिने वर-खाली. लिफ्टने जाणारे हसायचे. तुझी सासू तर तांदूळ कमी घालून वर उशी कोंबायची.

रेवा : आई? खरंच?

गोदूताई : सॅक फुगलेली दिसायला हवी ना! रविवारी कर्नाळा चढायच्या. थंडीत एकावर एक काय घालायचं, ओले मोजे कसे वाळवायचे, सगळं हिने घोकून घेतलं. फक्त जायचं कधी ते ठरायचं राहिलं होतं. ते ठरलं कुठे? हे तू सांग, तू होतीस तिथे.

रेवा : आमच्या घरी. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी.

गोदूताई : उद्यापनाच्या हळदीकुंकवाला.

रेवा : हो. सगळ्याच जमल्या होत्या, म्हणून मी लॅपटॉप काढला. म्हटलं, उत्तराखंडचा फेब्रुवारीतला फक्त बायकांचा ग्रुप आहे, तंबूतल्या जागा भराभर जातायत, आत्ताच बुक करून टाकू. शप्पथ सांगते मावशी, तुम्ही नाही आहात हे बुकिंग फुल झाल्यावर लक्षात आलं.

गोदूताई : सगळ्याच जमल्या होत्या, म्हणालीस.

रेवा : सॉरी.

गोदूताई : तुझ्यावर राग नाही गं. हे गेल्यापासून हळदीकुंकवाचं बोलावणं मला येत नाही, त्याची सवय झाली होती. कुंकवाचं, गजऱ्याचं काही वाटेनासं झालं होतं. पण माझा हिमालयसुद्धा त्या केळ्यांबरोबर वाटून टाकाल, असं नव्हतं वाटलं.

(दारावरची बेल वाजते.)

रेवा : आई आल्या. उघडते.

अरुंधती : हुश्श! मटार फार छान मिळाला गं. निम्मा तुला आणलाय, गोदू. रेवा, बोललीस का?

रेवा : मावशीच बोलतायत.

अरुंधती : मग मी सरळच सांगते. चुकलं माझं. घरात वर्षानुवर्षं चालत आलेलं, पाय आपोआप त्याच वाटेने जातात. बोलावणी करताना तुझ्या दारावरून पुढे गेले आणि मनाला टोचलंसुद्धा नाही. तुझ्या पेटीवर गाते मी, आणि तुझीच सहल देवीसमोर बसून तुझ्याशिवाय ठरवली. पण देवीनेच वाट काढली बघ. एक जागा मोकळी झालीय. तू चल.

गोदूताई : कुणाची जागा?

अरुंधती : असू दे ना कुणाची का असेना.

गोदूताई : अरुंधती, कुणाची?

रेवा : आभाताईंची.

अरुंधती : तिच्या यजमानांना, कृष्णकांतरावांना, जाऊन अजून महिनाही झाला नाही. ती कशी येणार बिचारी? म्हणून रेवाला म्हटलं, नाव बदलून टाक.

गोदूताई : आभा नको म्हणाली?

अरुंधती : अशा वेळी तिला काय विचारायचं?

गोदूताई : विचारलंस का?

अरुंधती : नाही.

गोदूताई : आणि तू, रेवा?

रेवा : मला वाटलं, आईंनी विचारलं असेल.

गोदूताई : हे गेले तेव्हा तुम्ही सगळ्या आलात. डबे आणलेत, रडलात माझ्याबरोबर. पण ‘गोदू, चप्पल घाल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ,’ असं एकीनेही म्हटलं नाही. हिला काय विचारायचं, असंच वाटलं सगळ्यांना. मग मलाही वाटायला लागलं, की मला कुठे जायचंच नाही.

अरुंधती : अगं, पण मी तुझ्यासाठीच आले ना? माझ्या जिवाला चैन नाही गं. तू येतेस म्हणालीस की...

गोदूताई : माहीत आहे मला. म्हणून तर मटार.

अरुंधती : थट्टा नको, गोदू.

गोदूताई : थट्टा नाही करत. मला जायचंय, अरुंधती. किती जायचंय ते तुला नाही सांगता येणार. तू ‘चल’ म्हणालीस ना, तेव्हा मनाने मी निघालेसुद्धा. पण या जागेवर नाही. त्या तंबूत मला झोप लागायची नाही. ती घरी दार लावून बसलेली दिसेल.

रेवा : आणखी एक जागा मिळाली असती तर... रोज बघतेय मी, मावशी. नाहीच आहे.

अरुंधती : बरं, विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? मग येशील?

गोदूताई : पहिल्यांदा ती नाहीच म्हणेल. तेवढ्यावर उठून येऊ नका. दुसऱ्यांदा म्हणेल, लोक काय म्हणतील. तेव्हा तू तिच्या शेजारी बस आणि हात धर तिचा. नुसतं बस, बोलू नकोस. रडेल ती. रडून झालं की पुन्हा विचार.

अरुंधती : म्हणजे तू तिला पाठवणारच.

गोदूताई : मी कोण पाठवणारी? तिचं तिला ठरवू दे. मनापासून नाही म्हणाली, तर मी आहेच की. मोजे घालून दारात उभी राहीन.

अरुंधती : आणि हो म्हणाली तर तुझं राहिलं गं, गोदू.

गोदूताई : राहिलं तर राहिलं. आता बसू नका. दुपारनंतर तिच्याकडे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, मग बोलता यायचं नाही. आणि रेवा...

रेवा : हं?

गोदूताई : पुढच्या मार्गशीर्षात तुमच्या घरी पुन्हा सगळ्या जमतील. तेव्हा आभाची आठवण ठेव गं.