फाट्यावरच्या घरांतली शुगर

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले सरपंच योगेंद्रआबा. धुळ्याहून वेळात वेळ काढून आलेले आरोग्य अधिकारी डॉक्टरसाहेब. व्यासपीठावरचे सर्व मान्यवर. ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आपल्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविका, दिपमालाताई बैसाणे. गावातल्या आशाताई, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी हिलाल बोरसे. बऱ्याच जणांना मी 'चेकरभाऊ' म्हणूनच माहीत. अठ्ठावीस वर्षं धुळे-शिरपूर मार्गावर एसटीत तिकिटं तपासली. गाडीत चढलो की चेहरे वाचायचे, कोण खिडकीबाहेर बघतंय, कोण उगाच झोपलंय. निवृत्त झालो, पण ती नजर काही खात्यात जमा करून आलो नाही. आबांनी मला "दोन शब्द बोला" म्हटलं तेव्हा मी त्यांच्याकडेही तसंच पाहिलं. का बरं मलाच सांगतायत? असो.

ताईंनी एकतीस वर्षांत किती बाळंतपणं केली, किती लसी टोचल्या, ते माझ्याआधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. मी माझ्या घरातलं सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

माझ्या सौभाग्यवती सुंदरबाई. महामार्गाच्या फाट्यावर बावीस वर्षं त्यांचं चहाचं दुकान. समोर खडी क्रशर, शेजारी खडीसाठी इंजिनं चालू ठेवून उभे राहणारे ट्रक, मागे कचरा जाळायची जागा. सहा वर्षांपूर्वी ताईंनी तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी लावली, त्यात सुंदरबाईंची उपाशीपोटीची शुगर निघाली दोनशे बारा. बाई अंगानं काडी. दिवसभर पायावर. माहेरी कुणाला हा आजार नाही. गोळ्या सुरू केल्या, पथ्य सुरू केलं. तीन महिन्यांनी दोनशे चाळीस!

आता मला सांगा, चेकरनं काय समजावं?

मी घरी विचारलं, "ज्योतीनी माय, खरं सांग, काय खादं?"

"काहीच नही खादं. तुमनी आन."

मला पटलं नाही. साखरेच्या डब्यावर मी पेन्सिलीनं खूण केली. त्यांच्या चहाच्या पेल्याचा वास घेतला. दुकानावरच्या गिऱ्हाइकांना बाजूला घेऊन विचारलं, बाई बिस्किटं खाते का हो? जळगावला दिलेल्या आमच्या ज्योतीला फोन करून सांगितलं, तुझी माय चोरून खाते. हे दोन वर्षं चाललं. हसू नका. मलाही तेव्हा हसू येत नव्हतं.

त्याच काळात ताई घरोघरी वेगळेच प्रश्न विचारत फिरायच्या. रस्त्यापासून घर किती पावलं? चूल की गॅस? दिवसाचे किती तास धुरात, धुळीत? सगळं एका वहीत लिहायच्या. मला वाटलं, शुगरच्या तपासणीला आलेली बाई रस्ता कशाला मोजते? हिचं मशीनच बिघडलंय आणि ही ते झाकते आहे. मी सुंदरबाईंना धुळ्याला नेऊन खाजगी लॅबमध्ये रक्त तपासलं. आकडा तोच. तरी मी ताईंना विचारलं, "ताई, हे लिहायला तुम्हाला कोण सांगतं?" त्या म्हणाल्या, "कुणी नाही, भाऊ. मलाच कोडं पडलंय."

मग तो श्रावणातला सोमवार. ताई लसीकरणाहून परतताना दुकानावर थांबल्या. मीही तिथंच बसलो होतो. सुंदरबाई चहा द्यायला आल्या आणि ताई म्हणाल्या, "वहिनी, चप्पल काढा बरं."

"काही नही, चप्पल चावनी."

"काढा म्हणते ना."

काढली. करंगळीशेजारचं बोट काळं पडलेलं. वास येत होता. अठ्ठावीस वर्षं माणसं वाचणाऱ्या मला माझ्या बायकोचं लंगडणं दिसलं नव्हतं!

"किती दिवस झाले? सांगितलं का नाही?" ताईंनी विचारलं.

सुंदरबाईंनी ताईंकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "वीस दिन व्हयनात. कोनले सांगू? ह्या म्हनतीन, आखो गूळ खादा व्हई."

मंडळी, 'ह्या' म्हणजे मी; पुन्हा गूळ खाल्ला असेल, असं मीच म्हणणार होतो.

ताईंनी गाडी बोलावली, स्वतः सोबत धुळ्याच्या दवाखान्यात आल्या. पाय वाचला, बोट गेलं. तिथल्या डॉक्टरांना ताईंनी वही दाखवली. फाट्याच्या रांगेतली एकेचाळीस घरं, त्यातल्या एकोणीस घरांत शुगर. तेवढ्याच नदीकाठच्या घरांत सात. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरून सिद्ध काही होत नाही. वय, खाणं, आनुवंशिकता, सगळं बघावं लागतं. पण धुराचे बारीक कण वर्षानुवर्षं छातीत जात राहिले की शरीराला आतून सूज राहते, इन्सुलिन नीट काम करत नाही, असं बऱ्याच ठिकाणच्या अभ्यासांत दिसलंय. म्हणून हे सोडू नका.

गावात आलो, ताईंनी वही ग्रामसभेत मांडली, तर क्रशरवाले म्हणाले, नर्सबाईला कुणीतरी फूस लावली आहे. निम्म्या सभेनं माना डोलावल्या. माझ्याकडं वळून ताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुम्हालाही असंच वाटत होतं ना? मग ही वही घ्या आणि स्वतः तपासा."

घेतली. अकरा दिवस दारोदार फिरलो. प्रत्येक घरी रिपोर्टचे कागद बघितले, तिकीट बघावं तसे उलटून पालटून. ताईंची एक नोंद खोटी निघाली नाही. उलट फाट्यावर त्यांच्याकडून सुटलेली दोन घरं मला सापडली. एकोणीसची एकवीस झाली.

पुढच्या ग्रामसभेत ती वही मीच वाचून दाखवली. त्यानंतर कचरा जाळणं थांबलं. ट्रकांची रांग अर्धा किलोमीटर पुढे गेली. आमचं दुकान आता गावात, शाळेजवळ आहे. सुंदरबाईंची शुगर एकशे चाळीसच्या आसपास असते, गोळ्या चालूच आहेत. सगळं बरं झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. तपासणीला साहेबांची गाडी यायची असली की क्रशरवर पाणी मारतात, गाडी गेली की पुन्हा पांढरा लोट उठतो. हवा मोजायचं यंत्र आलं, ते बसवलं नदीकाठच्या शाळेच्या गच्चीवर! फाट्यावर का नाही? डॉक्टरसाहेब, तुम्ही इथे आहात म्हणून सर्वांसमक्ष विचारतो. उत्तर आज नको, लेखी द्या. पाणी कधी मारतात ते बघत मी रोज सकाळी क्रशरसमोर उभा असतो, हे अध्यक्षांना ठाऊक आहे.

ताई, उद्यापासून तुमच्या जागी कोण येईल, ती वही पुढे लिहील की नाही, याचीही मला शंका आहे. पण तुमच्याविषयी उरली नाही.

वेळ बराच घेतला. संयोजकांचे, मंडपवाल्यांचे, तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेनं मोठ्या मनानं पोटात घालावं. घरात जे बोललो, ते मात्र सभेनं माफ करून भागणार नाही. ज्यांनी करायचं त्या तिसऱ्या रांगेत बसल्यात.

ज्योतीनी माय, तू खरं सांगे. मी आयकं नही. मनी चूक व्हयनी.

बसतो.