बत्तीस बिटांची रक्तपेढी आणि लीलाताईंचा ‘आत्ता नको’

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख, आदरणीय श्रीपतीकाका लिमये. मालगुंडहून आवर्जून आलेल्या प्रमुख पाहुण्या, निवृत्त मुख्याध्यापिका ऋजुताबाई. व्यासपीठावरील इतर मान्यवर. माझे सहकारी डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ. हाक मारताच बाही वर करून येणारे आपले रक्तदाते. आणि ज्यांच्यासाठी हे सभागृह आज भरलंय त्या आपल्या सत्कारमूर्ती, संगणक विभागाच्या प्रमुख लीलाताई घवाळी. तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मागे आवाज येतोय ना? ठीक. माझ्याआधी तिघे बोलले आणि तिघांनीही ‘लीलाताईंनी रक्तपेढीचं आधुनिकीकरण केलं’ असं सांगितलं. ते खरंच आहे. पण त्यांनी ते बरेच महिने होऊ दिलं नाही, हे कुणी बोललंच नाही. रक्तपेढीची वैद्यकीय अधिकारी म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे, तेव्हा अध्यक्षांच्या परवानगीने मी ते सांगते. परवानगी आहे ना काका? मान हलली, म्हणजे आहे.

आपल्या रक्तपेढीचा सगळा डेटाबेस, म्हणजे दाते, रुग्ण, कोणाचं रक्त कोणाला चाललं, कोणाला चाललं नाही, हे वर्षानुवर्षं एका जुन्या सॉफ्टवेअरवर होतं. ते बत्तीस बिटांचं. ज्यांना या भानगडीत पडायचं नाही त्यांच्यासाठी इतकंच सांगते, की संगणकात मेमरी कितीही वाढवली तरी बत्तीस बिटांचा प्रोग्राम एका हद्दीपलीकडे ती वापरूच शकत नाही. एका रुग्णाची माहिती काढायची तर काही अडचण नव्हती. पण सगळ्या वर्षांचे सगळे दाते एकदम चाळायला सांगितले, की पडदा गोठायचा. चौसष्ट बिटांच्या नव्या आवृत्तीला ही अडचण नव्हती. शिवाय सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने कळवलं होतं, की येत्या मार्चनंतर जुन्या आवृत्तीची देखभाल बंद.

मग प्रश्न कसला? विश्वस्तांच्या बैठकीतही सगळ्यांनी हाच प्रश्न विचारला. कंपनीचे गृहस्थ म्हणाले, ‘एका रविवारचं काम आहे.’ काका म्हणाले, ‘मग येत्या रविवारीच करू.’

लीलाताई म्हणाल्या, ‘आत्ता नको. आधी दोन्ही शेजारी शेजारी चालवू. नवं फक्त बघायला, रक्त मात्र जुन्यावरूनच द्यायचं. दोघांची उत्तरं जुळली की बदलू.’

बैठकीत चुळबुळ झाली. एका सदस्यांनी, ते आज इथे आहेत आणि हसतायत म्हणून सांगते, सरळच विचारलं, ‘ताई, राग मानू नका. निवृत्ती जवळ आली, आता नवीन शिकायचा कंटाळा, असं तर नाही ना?’

मला वाटलं, आता ताई उठून जाणार. पण त्या म्हणाल्या, ‘असेलही. मी घाबरत्येय म्हणून नको म्हणत्येय, की खरंच काही अडचण आहे म्हणून, हे माझं मलाच कळत नाहीये. म्हणून तर तपासून बघू म्हणत्येय.’

मी पुष्कळ बैठकांना बसले आहे, मंडळी. आपल्या मताबद्दल इतकं खरं बोललेलं माणूस मी तिथे क्वचित पाहिलं. काकांनी मुदत दिली.

तपासणी सुरू झाली. जुना संगणक उजवीकडे, नवा डावीकडे. आमचा तंत्रज्ञ दर्शन रोज आलेल्या रुग्णांची नावं दोन्हीकडे टाकायचा. दोन्हीकडे सारखंच यायचं, आणि नवं तर पापणी लवायच्या आत. दर्शन वैतागून म्हणायचा, ‘ताई, झाली ना खात्री?’ ताई म्हणायच्या, ‘उद्याचे टाक.’

आणि एका सकाळी दर्शनने मला आणि ताईंना दोघींनाही हाक मारली. एका आजोबांचं नाव दोन्हीकडे उघडलेलं होतं. जुन्या पडद्यावर लाल पट्टी: या रुग्णाच्या रक्तात अँटीबॉडी आहेत, गट जुळला तरी पूर्ण तपासणीशिवाय रक्त देऊ नये. नव्या पडद्यावर तेच नाव, तोच गट, तीच तारीख. लाल पट्टी नाही. काही चुकल्याची सूचनासुद्धा नाही. शांत, स्वच्छ पडदा.

सभागृहातल्या डॉक्टर मंडळींना याचा अर्थ सांगायला नको. इतरांना सांगते: ज्याला आधी रक्त चढवलंय अशा एखाद्याच्या शरीरात दुसऱ्यांच्या रक्ताविरुद्ध द्रव्यं तयार होतात. अशाला नुसता गट पाहून पिशवी लावली, तर ती जिवावर बेतू शकते.

असं का झालं होतं? ही पट्टी मूळ सॉफ्टवेअरची नव्हतीच. फार वर्षांपूर्वी यज्ञेश नावाचा एक तरुण आपल्याकडे ताईंच्या हाताखाली काम करत होता. त्याने एक छोटा जोडप्रोग्राम लिहून त्या सॉफ्टवेअरला चिकटवला होता. तोही बत्तीस बिटांचा. चौसष्ट बिटांच्या सॉफ्टवेअरने तो उचललाच नाही, आणि उचलला नाही हेही कुणाला सांगितलं नाही. कंपनीला तो ठाऊक नव्हता. इतक्या वर्षांत आम्हीही विसरलो होतो. पट्टी येते म्हणजे येते, असंच धरून चाललो होतो.

त्या दिवशी ताईंनी दुपारचा डबा उघडला नाही. मी म्हटलं, ‘सापडलं ना ताई? आता कसली काळजी?’ त्या म्हणाल्या, ‘त्या रविवारी मी हो म्हटलं असतं तर, हा विचार डोक्यातून जात नाहीये.’

बदल थांबला. यज्ञेशचा शोध सुरू झाला. आणि तेवढ्यात मनस्वी दाखल झाली.

मनस्वी इथली लेक, सासर बुरोंडीचं. दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ सुखरूप झालं, पण नंतर रक्तस्राव थांबेना. शस्त्रक्रिया करून तो थांबवला, तरी अंगात रक्त फारच थोडं राहिलं होतं. पहिल्या खेपेला तिला रक्त दिलेलं होतं. जुन्या पडद्यावर तिचं नाव टाकलं आणि लाल पट्टी आली. शीतपेटीतल्या तिच्या गटाच्या पिशव्या दर्शनने एकेक करून तपासल्या. एकही जुळली नाही. मुंबईच्या मोठ्या पेढ्यांना फोन लावले, ते शोधतो म्हणाले. वॉर्डातून डॉक्टरांचा निरोप आला, ‘संध्याकाळपर्यंत काहीतरी करा.’

आपल्याच जुन्या दात्यांत कुणी जुळणारा असेल का? ज्यांच्या रक्ताची सविस्तर तपासणी झालीय असे सगळे दाते चाळायला हवे होते. जुन्या संगणकाला शोध दिला. पडदा गोठला. बंद करून पुन्हा सुरू केला, पुन्हा गोठला. दाराशी मनस्वीची सासू उभी होती. ती नुसती आमच्या तोंडाकडे बघत होती.

दर्शन हळूच म्हणाला, ‘ताई, नव्यावर बघू?’

ज्या पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही असं ज्यांनी स्वतः ठरवलं होतं, त्यांनाच हे विचारलं जात होतं. ताईंनी डोळे मिटून घेतले, क्षणभरच. मग म्हणाल्या, ‘बघ. पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर पिशवी जायची नाही. नावं नव्यावर शोध. जे नाव येईल ते जुन्यावर उघडून पट्टी बघ, ती दात्याच्या नावावरही येते. आणि शेवटचा शब्द तुझ्या टेबलावरच्या तपासणीचा.’

नव्याने नावं काढून दिली. मोजकीच होती. एक दाता नोकरीसाठी मुंबईत. एकाचा फोन लागेना. तिसरा समर्थ शितप, लोटे इथल्या एका रासायनिक कारखान्यात पाळीवर. जुन्या पडद्यावर त्याचं नाव उघडलं, सगळं ठीक. ताईंनीच फोन लावला.

‘मॅडम, मी आताच ड्युटीवरनं सुटलोय. कंपनीच्या बसमध्ये बसतोय. जेवलो पण नाय अजून.’

‘मग आधी जेवून घे बाबा, उपाशी माणसाचं रक्त आम्ही घेत नाही. पण जेवून इकडेच ये. एक बाळंतीण आहे.’

‘येतो,’ तो म्हणाला. मग बसमधल्या कुणाला तरी तो सांगत असलेला ऐकू आला, ‘घरी सांग, मला उशीर होईल. रत्नागिरीला चाललोय.’

कारखान्याच्या साहेबांनी त्याला गाडी दिली. तो आला, रक्त दिलं, सगळ्या चाचण्या झाल्या. दर्शनच्या टेबलावर रक्त जुळलं. तो ‘जुळलं’ म्हणाला तेव्हा मनस्वीच्या सासूने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, ‘मी जरा बसते हां.’ आणि जिथे होती तिथेच, जमिनीवर बसली. ताई तिच्या शेजारी बसल्या. मी त्यांना तशाच सोडून पिशवीबरोबर वॉर्डात गेले.

मनस्वी बरी झाली. लेक मांडीवर घेऊन घरी गेली. इथे टाळ्या वाजवायला हरकत नाही.

त्यानंतर यज्ञेश पुण्यात सापडला. फोनवर हसायलाच लागला, ‘ताई, ते अजून चालू आहे? माझ्या पहिल्या नोकरीतलं ते!’ पण सगळं ऐकल्यावर हसणं थांबलं. सुट्टी काढून तो इथे आला, चौसष्ट बिटांसाठी जोडप्रोग्राम नव्याने लिहिला, आणि पट्टीला काही झालं तर पडदाच पुढे सरकू नये अशी सोय केली. पुन्हा शेजारी शेजारी चालवणं. पुन्हा दर्शनचं वैतागणं. आणि एके दिवशी ताई स्वतःहून काकांच्या बागेत जाऊन उभ्या राहिल्या. ‘या रविवारी करू या.’

काका म्हणाले, ‘नक्की?’

‘नक्की कोण सांगणार काका? पण आता भीती कशाची वाटते ते मला ठाऊक आहे. आणि ते तपासून झालंय.’

त्या रविवारी बदल झाला. आज कितीतरी पिशव्या नव्या पडद्यावरून गेल्यात, आणि हवी तिथे लाल पट्टी येते. हे वाक्य मी इतक्या निवांतपणे म्हणू शकते, याचं श्रेय त्या ‘आत्ता नको’ला जितकं, तितकंच त्यांनी वेळेवर म्हटलेल्या ‘करू या’ला.

आता आवरतं घेते, स्वयंपाकघरातून उकडीच्या मोदकांचा वास येतोय आणि तुमचं लक्ष माझ्याकडे राहिलेलं नाही. परवाचीच गोष्ट. ताई मला म्हणाल्या, ‘डॉक्टर, सिस्टीममधलं माझं नाव काढून टाका. माझ्यासमोर.’ मी म्हटलं, ‘असू दे की ताई, कधी अडलं तर.’ त्या म्हणाल्या, ‘अडलं तर इथल्यांनीच सोडवायला हवं. मी घरी बसून रक्तपेढीत डोकावत राहिले, तर ना मी सुटणार ना तुम्ही.’ मग त्यांच्यासमोर त्यांचं नाव काढलं. त्यांनी मोठा श्वास सोडला, पर्स उचलली आणि दारात थांबून म्हणाल्या, ‘इतकी वर्षं फोन वाजला की वाटायचं, रक्तपेढीत काहीतरी अडलं. आता वाजला की मला वाटेल, कुणाला तरी नुसतं बोलायचंय.’

लीलाताई, आम्ही नुसतं बोलायलाच फोन करू.

माझं इतकं लांबलेलं बोलणं ऐकून घेतल्याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. तांत्रिक गोष्ट सांगताना कुठे अडखळले असेन, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, थट्टेत कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. नमस्कार.