खल धुतल्याची सही

नाही नाही, त्या स्टुलावर नको — त्याचा पाय सरांच्या शब्दासारखा आहे, भार टाकला की सरकतो. इथे बसा, भट्टीजवळ. झाली दुरुस्त, कॉइल बदलली मी. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत संशोधन करायचो, आता इथल्याच भट्टीच्या कॉइली बदलतो — प्रगती म्हणतात याला! तुम्ही केमिकल विकायला आलात ना? वाटलंच, बॅगच सांगते. ही बघा, हातात घ्या चकती. बटणाएवढी, बेरियम टायटनेटची. कपॅसिटरमध्ये घालतात, वीज धरून ठेवते — म्हणजे ठेवायला हवी. आमची गळायची, जुनाट नळासारखी. सर म्हणाले, चिमूटभर लँथनम मिसळ. मिसळलं — तरी गळतच राहिली. आणि एक दिवस सतरा नंबरची चकती गळेचना! सरांचा पेपर, सरांना हार, सरांचा फोटो — फोटोत मी? कोपर आलंय माझं. मग अठरा गळली, एकोणीस गळली, पार चाळीसपर्यंत गळली. सर म्हणाले, तुझ्या हातालाच गुण नाही, चालता हो. झालो चालता — चार शब्द सुनावूनच.

खरं कारण सांगू? सरांचं पित्त! सगळे दात उपटलेले, कवळी यायला आठवडा — चावता येईना, म्हणून पित्ताची गोळी चकतीची पूड घोटायच्या आमच्याच खलात कुटून खायचे. गोळीत मॅग्नेशियम, खलात उरलेलं चकतीत मिसळलं, त्यानं गळती थांबली. कवळी आली, शोध संपला! काल भट्टी सरकवली तर मागे गोळ्यांचं रिकामं पाकीट, दातांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीत गुंडाळलेलं — तारीख सतराव्या चकतीच्या आदल्या दिवसाची. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. लगेच गोळीचा तुकडा घालून ही चकती भाजली, मोजली — गळत नाही! आज सरांचा शोध तपासायला बाहेरचे परीक्षक यायचेत. म्हाताऱ्या सरांची चकती गळली, की ही पुढ्यात ठेवणार — शोध माझा, मुकाट्यानं परत घ्या मला!

काय? खलात पूड उरलीच कशी? धुवायचा ना खल, रोज धुवायचा, ॲसिडनं — रजिस्टर आहे, रोजची सही आहे... माझीच आहे. आठ महिने. आता सही केली म्हणजे धुतलाच पाहिजे असं — अहो, धुतला असता तर शोध लागला असता का?

लिहून काय घेताय? केमिकलवाले कधीपासून — परीक्षक? तुम्ही?

...

उठा, भट्टी तापलीय. सर आत आहेत, डावीकडचं दार. आणि ती चकती द्या इकडे.