सावंतांची ट्रायल

आमचे शेजारी सावंत रिटायर झाले आणि मला म्हणाले, "शेठ, झोपायची-रांधायची सोय असलेला ट्रेलर बनवून घेतोय. हिला घेऊन भारत फिरणार. तो ओढायला एक जुनी पिकअप बघून द्या."

माझं लाद्यांचं दुकान केबिन रोडला. म्हटलं, "रिकाम्या गाडीची ताकद कळत नाही. माल भरून चालवा."

ओळखीचा दलाल ट्रायलला गाड्या देऊ लागला. पहिली लाद्या घेऊन जेसल पार्कच्या गिऱ्हाइकाकडे गेली. सावंत म्हणाले, "दमते." दुसरी बेव्हर्ली पार्कला. "क्लच जड." तिसरी आवडली. "घेऊ?"

"घाई कशाला? उद्या उत्तनच्या चढावर बघा. तिकडे माल जायचाय."

संध्याकाळी वहिनी दुकानात आल्या. "भाऊजी, हे रिटायर झालेत की तुमच्याकडे कामाला लागलेत?"

म्हटलं, "वहिनी, उत्तनचा माल पोचू द्या, मग सांगतो."