उजव्या बाजूचा रंग

—अहो नाही, गाडीचं दार असं नाही लावायचं. आपटलंत की संपलं. बाबा वर कपडे बदलतायत, पण या दाराचा आवाज त्यांना नळ चालू असतानाही ऐकू जातो. आईच्या हाका नाही जात, हा जातो. मागच्या गिऱ्हाइकाने दार आपटलं, त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. त्याच्या आधीच्याने विचारलं, अ‍ॅव्हरेज किती देते — झालं, बाबा म्हणाले, तुम्ही स्कूटर बघा. तुम्ही सातवे. म्हणून सांगते, ते खाली यायच्या आत ऐकून घ्या. आत बसताना बूट बाहेर काढायचे. 'जुनी' म्हणायचं नाही, 'वय झालंय' म्हणायचं. आणि बोनेटला हात लावायचाच तर पालथा लावायचा, ताप बघतात तसा. हसू नका, मी लहानपणापासून हेच करत आलेय.

तुमच्या तोंडावर प्रश्न दिसतोय — अशी गाडी, लाकडी डॅशबोर्ड, चामड्याच्या सीटा, आणि घर हे असं? बरोबर आहे. बाबा ड्रायव्हर होते. गिरणीच्या मालकांची गाडी ही, बावीस वर्षं चालवली, आणि मालक गेले तेव्हा त्यांच्या मुलांना काहीतरी चकचकीत नवीन हवं होतं, म्हणून त्यांनी ही बाबांना देऊन टाकली. लोकांना निवृत्त होताना घड्याळ मिळतं, आम्हाला हत्ती मिळाला. आता पोसा. हिच्या शेडवर नवे पत्रे, माझ्या खोलीत छताखाली बादली. खिडकीचं एक रबर मिळायला पाच महिने लागले, तर ते आल्यावर बाबांनी शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवलं — रबर हो, रबर! माझा पदवीचा निकाल लागला तेव्हा कुणाला बोलावलं नव्हतं.

पण एक सांगते, खोटं कशाला बोलू. रविवारी आम्ही निघतो ना — बाबा इस्त्रीच्या शर्टात, मागे मालकांच्या जागेवर आई, मांडीवर भाजीची पिशवी — तेव्हा मोठ्या हॉटेलचा दरवान धावत येतो, दार उघडतो, आणि बाबांना विचारतो, साहेब कुठायत? बाबा म्हणतात, मीच. बस, एवढंच. मग आत न जाताच गाडी वळवून आम्ही घरी येतो. तो 'मीच' ऐकायला मी कितीदा परीक्षा तोंडावर असताना गेलेय — जाऊ दे.

मग विकताय कशाला? ते नाही विकत, मी विकतेय. जाहिरात माझी, फोन नंबर माझा. बाबा एवढंच म्हणाले, लायक माणूस आला तर बघू. माझ्यासाठी वर शोधतानासुद्धा ही अट घातली नव्हती, तेव्हा कुणीही चाललं असतं. मला नोकरी लागलीय, पुलांचे आराखडे करायचे, दुसऱ्या शहरात, एक तारखेला हजर व्हायचंय. अठरा दिवस राहिले. त्याच्या आत ही गेली पाहिजे.

नाही हो, माझ्या नोकरीचा आणि गाडीचा संबंध नाही कसा? आहे. म्हणजे — हे त्यांच्यासमोर काढू नका. बाबांना उजव्या डोळ्याने दिसत नाही. दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी चालवू नका म्हणून सांगितलंय, ती चिठ्ठी त्यांनी कपाटात कागदाखाली दडवलीय आणि मी शोधून वाचलीय. त्यांना वाटतं मला माहीत नाही. तोंडावर बोलायची सोय नाही, कारण आमच्याकडे मोठ्यांना दोष नसतात, लहानांना उद्धटपणा असतो. मग मी काय करते? शेजारी बसते आणि बडबडते. 'बाबा, तो उजवीकडचा सायकलवाला बघा, काय भडक शर्ट घातलाय.' 'अय्या, त्या बाईची छत्री बघा.' ते करवादतात, तुझं सगळं लक्ष लोकांच्या कपड्यांवर! — आणि चाक डावीकडे घेतात. दोन वर्षं मी हे करतेय. पुलांची गणितं करणारी मुलगी रस्ताभर छत्र्यांची तारीफ करते. मी गेल्यावर कोण करणार? आई गाडीत बसली की डोळे मिटून घेते, ते आधीपासूनच, तिला बिचारीला डोळ्यांचं काहीच माहीत नाही. मागच्या महिन्यात मी मुलाखतीला गेले होते, तेवढ्यात बाबा एकटेच गाडी काढून घेऊन गेले. शाळा सुटायच्या वेळेला. काही झालं नाही. फाटकाच्या खांबाला घासली, तेवढंच. पण खांबाच्या जागी — तुम्हाला मुलं आहेत का?

काय? हो, ते— तुमची नजर चांगली आहे. उन्हात तेवढाच भाग जास्त चमकतो. ठीक आहे, सांगते. ते नेलपॉलिश आहे. ओरखडे सगळे उजवीकडेच पडतात ना, मग मी दोन बाटल्या झाकणात मिसळून हा खैरा रंग जमवलाय — बाबा दुपारी झोपले की लावते. त्यांना ओरखडे दिसले तर त्यांना कळेल, की मला कळलंय, की त्यांना — समजलं ना? चार ठिकाणी आहे. बरं, नऊ. खाली पत्रा शाबूत आहे, शपथेवर सांगते. आणि आजवर त्यांच्या लक्षातसुद्धा आलेलं नाही. रोज सकाळी स्वतःच्या हाताने धुतात, फडक्याने पुसतात, तरी—

आले. बूट काढा. पालथा हात.

या बाबा. हे गाडी बघायला आलेत. दार हळू लावलं त्यांनी, हो, मी बघितलं. बघा ना कसे अदबीने — किल्ली? एकदम किल्लीच? अहो बाबा, थांबा, तुम्ही त्यांना काही विचारलंही नाही. निदान नाव-गाव — बरं. बरं, द्या. आता काय सांगताय त्यांना, धुवायचं कसं ते? सांगा. साधं पाणी, मऊ फडकं, काचा शेवटी. आणि उजव्या बाजूला—

काय म्हणालात?

'उजव्या बाजूला साबण लावू नका, घासूही नका. नेलपॉलिश निघतं.'

बाबा.

—तुम्ही जरा फाटकाबाहेर थांबता का? नाही, किल्ली राहू दे तुमच्याकडे. गाडी तुमचीच. फक्त पाच मिनिटं. जा ना हो.